भिजलेली छायाचित्रे आणि अर्धवट पाहिलेला धडा
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



आम्ही पेशाने शिक्षक. तेव्हा तत्त्वचर्चेपेक्षा शाळेत घडलेली एक गोष्ट सांगणेच आम्हांस अधिक साधेल.

आपल्यापैकी पुष्कळांची घराणी जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटामागे सुरतेस आली. येताना वळकटीत वडीलधाऱ्यांचा एखादा फोटो असे. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. लिंबायतच्या बाजूस मिठी खाडीचे पाणी त्यानंतरही कित्येक पावसाळ्यांत घरांत शिरले. धान्य पुन्हा भरता आले. फोटो मात्र गेले ते गेलेच.

दोन वर्षांपूर्वी आठवीतील एका विद्यार्थ्याने काचेला चिकटलेला आपल्या आजीचा फोटो आणला आणि विचारले, "सर, याची मोबाईलवर नक्कल निघेल का?" त्या घरात आजीचा दुसरा फोटो नव्हता. आम्ही यूट्यूबवरील एक धडा लावला, निम्मा पाहिला आणि उतावीळपणे फोटो काचेवरून सोलू लागलो. अर्धा चेहरा काचेवरच राहिला! धड्याच्या पुढल्या भागात नेमके हेच सांगितले होते की, फोटोवरील जिलेटिनचा थर भिजला म्हणजे फुगतो व वाळताना काचेस घट्ट धरतो. तो ओढू नये, काचेसकट आधी चित्र घ्यावे. मुलगा काही बोलला नाही. त्याची आई एवढेच म्हणाली, "जाऊ द्या सर, अर्धी तरी राहिली." काचेवरच्या व कागदावरच्या भागांची वेगवेगळी चित्रे घेऊन आम्ही ती जोडली. सांधा अजून दिसतो.

त्यानंतर आम्ही वही-पेन्सिल घेऊन धडे पुरते पाहू लागलो. खर्च जवळजवळ काहीच नाही. फोटो सपाट ठेवावा आणि मोबाईल त्याच्याशी अगदी समांतर धरावा, नाहीतर चौकोन तिरपा येतो. उजेड दोन्ही बाजूंनी तिरकस पडावा. एका बाजूस खिडकी व दुसऱ्या बाजूस थर्माकोलचा पांढरा तक्ता पुरतो. फ्लॅश मुळीच वापरू नये. वर काच असेल तर काळ्या कापडाला भिंगापुरते भोक पाडून त्याआडून चित्र घ्यावे, म्हणजे आपलेच प्रतिबिंब त्यात उतरत नाही. हात हलू नये म्हणून मोबाईल पुस्तकांच्या चळतीवर टेकवून टायमर लावावा.

घरबसल्या विद्या मिळवणे आपल्याकडे नवे नाही. गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा केलेल्या दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाची कला प्रथम पुस्तकावरून अभ्यासली. परंतु तेवढ्यावर न थांबता १९१२ मध्ये ते लंडनला गेले, जाणत्यांचे काम डोळ्यांनी पाहिले आणि मग १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे ठेवला. पुस्तक काय किंवा पडद्यावरचा धडा काय, तो सांगतो पुष्कळ. पण आपला हात चुकत असता तो धरीत नाही. म्हणून आम्हीही गल्लीतील एका जुन्या स्टुडिओवाल्या चाचांकडे मुलांना घेऊन गेलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "सर, घाई नको. दुसऱ्याची आठवण हातात आहे."

आजवर मुलांनी तीसेक घरांतील फोटोंच्या नकला काढल्या. आमच्या अब्बांचा एकच फोटो आमच्याकडे आहे. त्याची पाळी आम्ही मुद्दाम शेवटी लावली. दुसऱ्याच्या घरी हात बिघडवून आपल्या घरी आधी सुधारावा, हे बरे वाटेना.

विश्वस्तांपाशी एकच विनंती आहे. आम्हांस पैसा नको. पावसाळ्यापूर्वी दर रविवारी संस्थेची खिडकीजवळची खोली व एक मेज मिळावे. ज्याच्या घरी जुना फोटो असेल, त्याने तो आहे तसा, न सोलता, न पुसता आणावा. मूळ फोटो त्याच वेळी परत मिळेल, नक्कल त्याच्या मोबाईलवर जाईल. पाणी पुन्हा येईल. आपले वडीलधारे मात्र पुन्हा फोटोला बसणार नाहीत.

संस्थेची शताब्दीही अशीच आनंदात साजरी होवो, अशी दुआ करून आम्ही आपली रजा घेतो.