माझे ऑपरेशन आणि माझी माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि आजवर चार माणसांसमोर उभी राहिले ती आरतीपुरती. परंतु चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या ऑपरेशनाविषयी तुम्हीच बोला, म्हणजे बाकीच्यांची कुजबूज थांबेल." मग नाही म्हणवेना.

तेव्हा आधी कबुली देते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मी पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन करून आले असे आपणा सर्वांना सांगितले होते. ते खोटे होते. माझे ऑपरेशन वजन उतरवण्याचे होते. त्या वेळी माझे वजन ११२ किलो होते आणि उंची पाच फूट एक इंच. साखरेच्या गोळ्या चालू, गुडघे धरलेले, आणि रात्री घोरता घोरता श्वास अडकून मी दचकून उठत असे. उपास, काढे, चालणे, सगळे करून झाले होते. दहा किलो उतरावेत आणि बारा परत यावेत, असे किती वेळा झाले त्याला गणती नाही.

डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. दुर्बिणीने पोटाला चार-पाच लहान छिद्रे पाडतात आणि जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. भूक लावणारा रस मुख्यत्वे ज्या भागात तयार होतो तोच भाग जातो, म्हणून सुरुवातीला भूकही कमी लागते. हे सारे मला कळले. कळले नाही ते एवढेच की, ऑपरेशनाआधी मला मनाच्या डॉक्टरांकडे का पाठवले. मी चिडलेच. म्हटले, मी जाडी आहे, वेडी नव्हे.

त्या बाई वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काकू, तुम्ही सगळ्यांत जास्त केव्हा खाता?" मी म्हटले, जेवताना. त्या काही बोलल्या नाहीत. मग माझ्याच तोंडून निघाले की, दुपारी दोन वाजता. हे कामावर, मुलगी शाळेत, सासूबाई झोपलेल्या, आणि मी ओट्याशी उभी राहून रात्रीचा भात, डब्यातली शंकरपाळी, मुलीने टाकलेला पोळीचा तुकडा, जे हाताला येईल ते खाते. भूक नसते. घर फार शांत असते, एवढेच. हे मी यजमानांनाही कधी बोलले नव्हते. बाई म्हणाल्या, "पोट आम्ही लहान करू, पण दुपारचे दोन तर रोज वाजणारच. तेव्हा कोणाशी बोलाल, ते आधी ठरवा."

त्यांनीच मला रुग्णालयातल्या बैठकीला यायला सांगितले. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ऑपरेशन झालेली आणि होणार असलेली माणसे तिथे जमत. तिथे पोस्टात नोकरी करणाऱ्या एक बाई भेटल्या. आपला नंबर देऊन म्हणाल्या, "घरी गेल्यावर चार दिवसांत तुम्ही रडणार. तेव्हा मला फोन करा, कितीही वाजले तरी."

मला वाटले, मी कशाला रडेन?

ऑपरेशनाआधी दोन आठवडे नुसते पातळ खायचे होते. ताक, वरणाचे पाणी, प्रथिनांची पूड. त्याने यकृतावरची चरबी उतरून ते आक्रसते आणि डॉक्टरांना आत काम करणे सोपे जाते. ते दिवस बरे गेले, कारण उमेद होती. पैशांसाठी माझ्या दोन पाटल्या मोडल्या. त्याबद्दल मी काही बोलत नाही, कारण यजमानही बोलले नाहीत.

घरी आल्यावर चौथ्या रात्री दोन वाजता मी स्वयंपाकघरात उभी होते. पोटाला टाके, हातात औषधाचे टोपण, आणि त्यातून पाण्याचा घोट घोट घ्यायचा. एकदम घोट घेतला तर छातीत कळ येई. समोर झाकलेली आमटी. भूक नव्हती, पण त्या वासाने मला असे रडू आले की, माहेरचे कोणी गेले तेव्हाही तसे आले नव्हते. आपण हे काय करून बसलो? धडधाकट पोट कापून टाकले, आता जन्मभर परत नाही. यजमानांना उठवावे तर त्यांच्याच पाटल्या मोडलेल्या. म्हणून पोस्टातल्या बाईंना फोन केला.

दुसऱ्या घंटीला त्यांनी उचलला. म्हणाल्या, "आधी स्वयंपाकघरातून बाहेर या. गॅलरीत बसा. मी फोन ठेवत नाही." मग बराच वेळ त्या आपल्या मांजराविषयी बोलत होत्या. उपदेश एका शब्दाचा नाही. शेवटी म्हणाल्या, "मीही रडले होते. जी गोष्ट आपली सोबत करत होती ती गेली, मग रडू येणारच." त्या रात्री मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मी यजमानांना दुपारच्या दोनची गोष्ट सांगितली. ते गप्प राहिले. पण तेव्हापासून रोज दोनच्या सुमारास कामावरून त्यांचा फोन येतो. बोलायला काही नसते. "काय चाललंय?" "काही नाही." एवढेच. पण ओट्याकडे जाणारे पाऊल थांबते.

सासूबाईंना समजावणे सर्वांत अवघड गेले. त्यांना आम्ही सांगितलेच नव्हते. त्या वर्षी गणपतीत त्यांनी माझ्यासाठी पाच मोदक वाढले आणि मी अर्धाच खाल्ला. घाईने खाल्ले, नीट चावले नाही, की मला उलटी होते. त्यांना वाटले, सून आपल्या हातचे नाकारते. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी खरे सांगितले. त्यांनी कपाळावर हात मारला, पुष्कळ बोलल्या, आणि संध्याकाळी सुपारीएवढा एक मोदक करून माझ्यापुढे ठेवला. आता सणाला माझा मोदक वेगळा असतो.

बाहेरच्यांचे काय सांगावे? तिसऱ्या महिन्यापासून केस पुंजक्यांनी गळू लागले. डॉक्टरांनी आधी सांगितले होते की असे होते, पुढे परत येतात, आणि ते आलेही. पण तोवर आपल्यापैकी कोणीतरी मला कर्करोग ठरवून मोकळे झाले होते! ज्यांना खरे कळले त्या म्हणाल्या, "सोपा मार्ग काढलास." भगिनींनो, रोज प्रथिने मोजून खायची, जेवताना पाणी प्यायचे नाही, जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर, दर काही महिन्यांनी रक्ततपासणी. यात सोपे कोणते ते मला दाखवावे.

वर्षभर सगळ्यांनी कौतुक केले. मग वजन ७६ वर येऊन थांबले आणि कौतुकही थांबले. माझ्या मते तोच काळ जास्त कठीण. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या, जिने चढता येत होते, पण पोटाची कातडी लोंबते आणि आरशातली बाई अनोळखी वाटते. अजूनही मी दारातून आडवी होऊन जाते, मुलगी हसते आणि म्हणते, "आई, सरळ ये, मावशील." त्या दिवसांत मी पुन्हा मनाच्या डॉक्टरांकडे गेले. या वेळी चिडले नाही.

शनिवारच्या बैठकीला अजून जाते. आता नव्या बायकांना मी माझा नंबर देते. दोनदा रात्री फोन आला. आमच्याकडे मांजर नाही, म्हणून मी त्यांना सासूबाईंच्या गोष्टी सांगते. सासूबाई पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, त्यांनी रागावू नये.

परवा आपल्यातल्याच एकीने जिन्यात गाठून हळूच विचारले, "तिथे मला न्याल का?" तिचे नाव मी सांगणार नाही, आणि कोणी तर्कही करू नये. तिला ऑपरेशन लागेल की नाही हे डॉक्टर ठरवतील. येत्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेनवाच्या गाडीने आम्ही दोघी जाणार आहोत. मागच्या रांगेत आणखी कोणी असेल तर जिन्यातच भेटावे.

फराळाची वेळ झाली, आता बसते. माझ्या बशीत वडा अर्धाच घालावा, आणि आग्रह करू नये.