बर्फावर जाण्याआधी गुडघ्याला विचारा



मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि दिल्लीत हिंदूरावच्या परिसरात राहते. महाराष्ट्रात पत्ता सांगितला की लोक विचारतात, दिल्लीत हे हिंदूराव कोण? तर ते आपलेच. कागलच्या घाटग्यांपैकी, बायजाबाई शिंद्यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला, त्यानंतर रिजच्या टेकडीवरचं त्याचं घर हिंदूरावांनी घेतलं. १८५७ च्या वेढ्यात त्याच घरात गुरख्यांची पलटण मोर्चा लावून होती. आज तिथे मोठं रुग्णालय आहे आणि सगळा भाग त्याच नावाने ओळखला जातो. ही टेकडी पुढे आपल्या कामाला येणार आहे, म्हणून आधीच ओळख करून दिली.

आजचा विषय स्कीइंगची सहल. तीही मुख्यतः आल्प्सची, कारण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणारे अर्धे प्रश्न त्याबद्दलच असतात. पुणे, इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, सगळीकडची मराठी मंडळी विचारतात. "ताई, मुलगा जर्मनीत आहे, फेब्रुवारीत चाललोय, एक दिवस स्की करून बघू का?" असा साधारण सूर असतो. मी स्वतः पाच हिवाळे स्की केलं आहे, चार हिमालयात आणि एक ऑस्ट्रियात. खेळाडू नाही, मधल्या उतारावरून सुखरूप खाली येते, इतकंच. पण गुडघे रोज बघते. त्यामुळे हॉटेलपेक्षा गुडघ्याबद्दल जास्त बोलणार आहे.

पहिला मुद्दा. आल्प्सला जायचं असलं तरी पहिला आठवडा आपल्याकडे करा. यात देशप्रेम वगैरे नाही, साधा हिशेब आहे. पहिले तीन दिवस तुम्ही काय करता? बूट घालायला शिकता. सपाट बर्फावर सरकता. पडून उठायला शिकता, आणि पायात दीड मीटर लांबीच्या पट्ट्या असताना उठणं हे मोठंच काम आहे. मग स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग कमी करायला शिकता. शिक्षक लहान मुलांना त्याला 'पिझ्झा' म्हणतात. हे सगळं युरोमध्ये पैसे मोजून शिकायची गरज नाही.

आपल्याकडे मुख्य दोन जागा. गुलमर्ग आणि औली. गुलमर्ग २,६५० मीटरवर. तिथे केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, ती नवशिक्यांचे वर्ग घेते. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटवर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत. नवशिक्याने खालच्या उतारावरच राहायचं. औलीत गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे वर्ग चालवत आलं आहे. पण जोशीमठात जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचली, घरांना तडे गेले आणि जोशीमठ-औली रोपवे बंद झाला. तेव्हा जुने व्हिडिओ बघून रोपवेच्या भरवशावर बेत आखू नका. रस्त्याने वर जायचं, असं धरून चला.

आम्हाला दिल्लीकरांना सोय बरी. काश्मीरी गेटचा बसअड्डा घराजवळ, रात्री बसलं की पहाटे ऋषिकेश. तिथून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, म्हणजे घाटातला अख्खा दिवस. श्रीनगरला विमान दीड तासाचं, पुढे गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. बर्फ पडलेला असला की तंगमर्गपासून वर चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते. काश्मीरचा बेत करताना त्या आठवड्याची परिस्थिती आणि प्रशासनाच्या सूचना बघायच्या, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा मुद्दा बर्फाचा. हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या प्रणालीवर अवलंबून असतो. हवामान खातं त्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतं. दिल्लीत जानेवारीत जी भुरभुर पडते तीही त्याचीच. दिल्ली कोरडी गेली की मला गुलमर्गची काळजी लागते. जानेवारी २०२४ मध्ये चिल्लई कलानच्या ऐन थंडीत गुलमर्गचे उतार तपकिरी होते. बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. ज्यांनी डिसेंबरच्या सुट्टीचं सगळं आगाऊ भरलेलं असतं, त्यांचं काय होतं ते सांगायला नको.

आणि आपल्यापेक्षा जास्त त्या शिक्षकांचं. आमच्या गटाला शिकवणारा मुलगा उन्हाळ्यात ट्रेकिंगची कामं करतो, पण घरचा मुख्य पैसा हिवाळ्याच्या आठ-दहा आठवड्यांत मिळतो. त्यातले चार आठवडे कोरडे गेले की वर्ष गेलं. म्हणून आमच्या गटाने एक पद्धत ठेवली आहे. तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याची धरायची, मुक्काम रद्द करता येईल असा घ्यायचा, आणि बर्फ नसला तर सहल रद्द करून शिक्षकाला ठरलेल्या पैशांपैकी निम्मे तरी द्यायचे. एकदा यावर आमच्यात वाद झाला. "काम नाही तर पैसे कशाचे?" असं एकाने विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्या मुलाने आमच्यासाठी दुसरा गट नाकारला होता. आम्ही पैसे दिले.

आल्प्समध्ये हे प्रश्न नाहीत असं समजू नका. कमी उंचीच्या गावांत तिथेही बर्फ कमी होत चालला आहे आणि यंत्राने बर्फ पाडून उतार चालवतात. निवडताना उतार किती उंचीवर आहेत ते बघा. नाताळ-नववर्ष आणि फेब्रुवारीतल्या युरोपच्या शाळांच्या सुट्ट्या टाळा, गर्दी आणि भाव दोन्ही वाढलेले असतात. जानेवारीचा मध्य स्वस्त, मार्चमध्ये दिवस मोठा आणि ऊन बरं. युरोपात उतारांना रंग असतात: निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा असतो. पहिल्या सहलीत लालचं नाव काढू नका, भाचा कितीही म्हणाला तरी.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण हिवाळी गर्दीत इतकं ताणू नका. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आता इथे थांबते, कारण इथूनच माझी खरी गोष्ट सुरू होते.

माझे धाकटे दीर इंदूरला असतात. वय सेहेचाळीस, दरवर्षी हाफ मॅरेथॉन धावणारे. ते आमच्याबरोबर हिमालयात आले होते. भाड्याने सामान देणाऱ्या एका दुकानाने त्यांना फक्त बुटाचं माप विचारलं आणि स्की हातात दिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, शेवटची फेरी म्हणून गेले आणि मऊ बर्फात एक पाय अडकून वळत पडले. स्की पायातून सुटलीच नाही. मी पोचले तेव्हा म्हणाले, "वहिनी, गुडघ्यात टच्च असा आवाज झाला." संध्याकाळपर्यंत गुडघा फुगला. जवळच्या दवाखान्यात एक्सरे काढला. हाड शाबूत. सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं, कारण आवाज आणि काही तासांत सूज, ही दोन लक्षणं एकत्र आली की गुडघ्यातला पुढचा लिगामेंट तुटल्याचा संशय धरायचा असतो. लिगामेंट एक्सरेत दिसत नाही. दिल्लीत एमआरआय केला, तेव्हा तो पूर्ण तुटलेला निघाला.

शस्त्रक्रिया झाली. नऊ महिने व्यायाम. भाऊजींचं काम दिवसभर उभ्याने करायचं, ते तीन महिने बंद. आणि विमा कंपनीने खर्च नाकारला, कारण पॉलिसीच्या आतल्या पानावर साहसी खेळ वगळलेले होते. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे काढावे लागले. सहलीचा फोटो अजून त्यांच्या भिंतीवर आहे. बर्फात हसणारे चौघे. फोटोत हे काही दिसत नाही.

यातून तीन गोष्टी घ्या.

एक, बाइंडिंग. बूट आणि स्की जोडणारा तो खटका. तो किती जोराला सुटावा याचा आकडा तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचं कौशल्य यांवरून ठरतो. दुकानदाराने हे विचारलंच पाहिजे. न विचारलं तर आपण सांगायचं, आणि खरं सांगायचं. वजन कमी नाही, कौशल्य जास्त नाही. नवशिक्याचा खटका लवकर सुटेल असाच हवा. मात्र तो सुटला असता तर भाऊजींचा लिगामेंट नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही. बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवतं, गुडघ्याची हमी देत नाही.

दोन, तयारी. धावणं आणि स्की करणं यांत फरक आहे. स्कीत मांडी सतत वाकलेल्या स्थितीत भार झेलत असते. निदान आठ आठवडे आधी सुरू करा. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं बसा, तीस सेकंदांपासून दीड मिनिटापर्यंत न्या. एका पायावर उभं राहून दात घासा. पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवा, गुडघा आत वळू देऊ नका. मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम विसरू नका, तोच त्या लिगामेंटचा साथीदार. आम्ही रिजवर जातो, अशोकस्तंभाजवळच्या चढावर. चढताना दम लागतो, पण स्कीची खरी तयारी उतरताना होते. सावकाश उतरायचं. आणि बर्फावर गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी थांबायचं. 'शेवटची एक फेरी' हे शब्द आमच्या गटात कोणी उच्चारत नाही.

तीन, विमा. व्हिसासाठीची पॉलिसी आणि स्कीची पॉलिसी एकच असते असं समजू नका. हिवाळी खेळ, उतारावरून स्ट्रेचरने किंवा हेलिकॉप्टरने आणणं, आणि तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेली इजा, हे तीन शब्दशः लिहिलेले आहेत का ते वाचा. इटलीत २०२२ पासून उतारावर जाणाऱ्याकडे तिसरा विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, असणं कायद्याने बंधनकारक आहे. जगभर नियम असा की खालच्या माणसाचा मान पहिला. वरून येणाऱ्याने त्याला सांभाळायचं. शिवाय आखलेल्या उताराबाहेर जायचं नाही. गुलमर्गला फेब्रुवारी २०२४ मध्ये उताराबाहेर हिमस्खलनात एक रशियन पर्यटक दगावला.

आता एक आवडती माहिती. स्लॅलम शर्यतीला आजचं रूप देणारे अर्नोल्ड लन, ज्यांनी १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युरेनला तशी पहिली शर्यत घेतली, त्यांचा जन्म मद्रासचा. आणि शंभर वर्षांनी, २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता गुलमर्गच्या उतारांवर वाढलेला आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. म्हणजे हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही.

शेवटची विनंती अनुभव सांगण्याबद्दल. सहलीहून आलं की आपण फोटो पाठवतो. त्याबरोबर चार ओळीही पाठवा. कोणत्या तारखेला किती बर्फ होता, दुकानाने वजन विचारलं का, शिक्षक कसा होता, विम्यात काय होतं. भाऊजींनी आता तेच केलं आहे. त्यांच्या इंदूरच्या मित्रांचा गट यंदा निघाला तेव्हा त्यांनी प्रत्येकाची पॉलिसी स्वतः वाचली आणि दोघांना ती बदलायला लावली. त्या दोघांपैकी एकाचं मनगट मोडलं. रुग्णालयाचं बिल विम्याने भरलं.

भाऊजी या हिवाळ्यात पुन्हा बर्फावर जाणार आहेत. सपाटीवर, पहिल्या दिवसापासून सुरुवात करून. त्यांच्या फिजिओथेरपिस्टने परवानगी दिली आहे.