परक्या आभाळात आपला परवाना
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी 'विमानाबद्दल बोल' असा हुकूम सोडला आहे. आधी एक गैरसमज दूर करतो. मी एअरलाइनचा पायलट नाही. पोटापाण्याचं काम वेगळं. चार आसनी सेस्ना उडवणं हा छंद. खासगी वैमानिकाचा परवाना भारतात काढला आणि नोकरीनिमित्त अमेरिकेत गेल्यावर त्याच्याच आधारावर तिथं उडतो.

हे कसं चालतं? 7 डिसेंबर 1944 रोजी झालेल्या शिकागो कराराचा नियम सोपा आहे. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकाकडे हवा. मुंबईच्या आरोही पंडितने मे 2019 मध्ये एकटीने अटलांटिक ओलांडला, तो 'माही' नावाच्या भारतात नोंदलेल्या इवल्याशा विमानातून. विमान आणि परवाना एकाच देशाचे. वाटेतल्या देशांची परवानगी अर्थात वेगळी लागते.

मी तिथं भाड्याने घेतो त्या विमानाचा क्रमांक मात्र 'एन' अक्षराने सुरू होतो, आपल्यासारखा 'व्हीटी'ने नाही. म्हणून अमेरिकेचा कागद लागला. अर्ज ओक्लाहोमा सिटीला करायचा, ते आपल्या डीजीसीएकडून खातरजमा करून घेतात. खासगी परवान्यासाठी पुन्हा परीक्षा नाही. पण उडण्याआधी प्रशिक्षकासोबत किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत उजळणी करावी लागते. या परवान्यावर कमाई करता येत नाही. आणि हा कागद वेलीसारखा आहे: मूळ भारतात. भारतीय परवाना बाद झाला, की हाही वाळला. दोन्ही सोबत बाळगावे लागतात.

सवयी मात्र बदलाव्या लागतात. आपल्याकडे उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन आणि हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक घ्यावा लागतो. तिथं स्वच्छ हवेत, नजरेच्या भरवशावर उडताना बहुतेक ठिकाणी प्लॅनचीही सक्ती नाही. कित्येक धावपट्ट्यांवर टॉवरच नाही. आपण कुठे आहोत ते रेडिओवर आपणच सांगायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं. हवेचा दाब आपण हेक्टोपास्कलमध्ये मोजतो, ते इंचांत: आपलं 1013 म्हणजे त्यांचं 29.92. वाट शोधायची ती नदी, रस्ता, चिमणी पाहून. हे मला सोपं गेलं. साखर कारखान्याची चिमणी आणि उत्तरेला सातपुडा पाहून घरी पोहोचणारी मुलं आपण!

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. गावाकडून मला फोन येतात. "पोराला परदेशात पायलट करायचंय, दोन एकर विकायला काढलेत. तिकडचं लायसन्स इकडे चालेल ना?"

मित्रांनो, आपोआप चालत नाही. परदेशी व्यावसायिक परवाना घेऊन आलेल्या मुलाला डीजीसीएचे हवाई नियम, नेव्हिगेशन आणि हवामानाचे पेपर द्यावे लागतात. रेडिओची आरटीआर परीक्षा वेगळी, वैद्यकीय तपासणी वेगळी आणि हातोटीची चाचणीही वेगळी. शिवाय परवाना म्हणजे नोकरी नव्हे. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी वैद्यकीय तपासणी, तीही व्यावसायिक वैमानिकाला लागणारी वर्ग 1 ची. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो शेत विकण्याआधी कळलेला बरा. मग डीजीसीएचे पेपर इथं बसूनच द्या. त्यानंतर परदेश की देश ते ठरवा. उड्डाण प्रशिक्षण शेजारच्या शिरपूरलाही चालतं. व्यावसायिक परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं. कोणी 'सगळं आम्ही बघतो' म्हणाला, तर प्रत्येक गोष्ट लेखी मागा, आणि सगळी फी एकदम भरू नका.

जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी इथला पहिला परवाना मिळाला, तेव्हा विमान ही श्रीमंतांची हौस होती. आज ऊस आणि पपई पिकवणाऱ्या घरातली मुलगीही ते स्वप्न पाहते, याचा मला अभिमान आहे. ते स्वप्न अर्धवट माहितीपायी मोडू नये, एवढंच. आपल्या शाळेतल्या कुणालाही विचारायचं असेल, तर माझा नंबर संयोजकांकडे आहे. रात्री-अपरात्री फोन केला तरी चालेल. तिकडे तेव्हा दिवसच असतो.