न उचललेला फोन



या व्याख्यानासाठी कार्यवाहांनी मला विषय दिला होता 'मोबाइल आणि बदललेलं जीवन'. या विषयावर बोलायला उभा राहिलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत 'हल्ली घरात कुणी कुणाशी बोलत नाही' या मुक्कामाला पोचतो. मी तिकडे जाणार नाही. तसे मेसेज आपल्याला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येतातच. मला बोलायचंय ते मिस्ड कॉलबद्दल. फोनवर आपण कसे वागतो हे संस्कारांपेक्षा दरपत्रकाने जास्त ठरवलं, असं माझं मत आहे.

मोबाइलच्या आधीही तेच होतं. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रात्री अकराला गर्दी का व्हायची? आईवडिलांची आठवण काही अकरालाच येत नसे. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून. समोर मीटरचे लाल आकडे पळत असायचे, आणि 'बाकी सगळं ठीक ना?' एवढ्यात महिन्याची ख्यालीखुशाली आटपायची.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना फोन लावला. तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या काळात गर्दीच्या वेळचा दर मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत होता, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. २००३ मध्ये येणारा कॉल फुकट झाला. करणाऱ्याला पैसे, घेणाऱ्याला काही नाही, आणि नुसती रिंग वाजली तर दोघांनाही नाही! ही फट आपल्या लोकांनी बरोबर हेरली.

बघताबघता एक भाषाच तयार झाली. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे खाली ये, मी गाडीवर थांबलोय. दूधवाला फाटकाशी येऊन रिंग द्यायचा, बाई पातेलं घेऊन बाहेर. एखाद्या अजाण पाहुण्याने तो फोन चुकून उचलला की पलीकडचा चिडायचा, कारण त्याचे पैसे गेले!

आणि या भाषेला रीतही होती. साहेबाला मिस्ड कॉल देणं हा उद्धटपणा. जावयाने सासऱ्याला दिला तर कायमची शोभा. जोनाथन डोनर या अभ्यासकाने २००७ मध्ये रवांडातल्या अशाच रिवाजावर लेख लिहिला. तिथेही ज्याची ऐपत जास्त त्याने उलट फोन करायचा, आणि ज्या मुलीवर छाप पाडायचीय तिला मिस्ड कॉल द्यायचा नाही, असे संकेत त्याला आढळले. आफ्रिकेतला तो देश आणि आपला तालुका यांनी एकमेकांना न विचारता एकच शिष्टाचार काढला, कारण दोन्हीकडे खिसा सारखाच होता.

सासरी असलेल्या मुलीचं मात्र जरा वेगळं होतं. तिच्या फोनमध्ये बॅलन्स कुणी टाकायचा, किती टाकायचा, हे तिच्या हातात नसे. दुपारी घर सामसूम झालं की ती माहेरी एक रिंग द्यायची. आई हातातलं काम टाकून फोन लावायची. दहाचा रिचार्ज मारला तर पुऱ्या दहाचा टॉकटाइम सहसा मिळत नसे, पण तो खर्च आईच्या नावावर पडायचा. मुलीला सासरी कुणाला हिशेब द्यावा लागत नसे. अशा किती दुपारी गेल्या, याची नोंद कुठल्याही कंपनीच्या बिलात सापडणार नाही. मिस्ड कॉलचं बिल येत नाही ना.

पुढाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी मग त्यावर हात मारलाच. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात अण्णा हजारेंना पाठिंबा मिस्ड कॉलने मोजला गेला. २०१४ मध्ये भाजपने सदस्यनोंदणी तशीच सुरू केली. पण खरी गंमत पुढची. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन करतो, तेव्हा पहिलीने दुसरीला मिनिटाला सहा पैसे द्यायचे, असा २०१९ मध्ये नियम होता. त्याच वर्षी कंपन्यांनी रिंगच आखूड केली. समोरच्याने फोन उचलायच्या आत ती थांबणार, मग तो उलट लावणार आणि सहा पैसे फिरून आपल्याकडे येणार, असा हा डाव असल्याचे आरोप कंपन्यांनीच एकमेकींवर केले. शेवटी 'ट्राय' या दूरसंचार नियामकाने मोबाइलची रिंग तीस सेकंद वाजलीच पाहिजे असं ठरवून दिलं. दूधवाल्याची युक्ती कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्यांनी वापरली म्हणायची!

तोवर जिओ येऊन तीन वर्षं झाली होती. बोलणं जवळजवळ फुकट झालं आणि मिस्ड कॉलचा अर्थच फिरला. पूर्वी फोन न उचलणं म्हणजे 'निरोप कळला'. आता 'तीनदा लावला, उचलला का नाहीस?'

शेतात मात्र न बोलता फोन वापरायची ही विद्या अजून जिवंत आहे. शेतीची थ्री फेज लाईट बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं म्हणजे पायाखाली साप, आणि जुन्नरकडे उसात बिबट्या. त्यावर पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे यंत्र काढलं. २००९ मध्ये त्याला नोकियाचा पुरस्कारही मिळाला. स्टार्टरशेजारी पेटी, पेटीत सिम. घरून फोन लावायचा, लाईट आहे का ते आवाजावरून कळतं, आकडा दाबला की मोटर चालू. तशा पेट्या आता बऱ्याच निघाल्यात. दारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला, माणसाला जावंच लागतं, पाइप फुटला तर पेटीला कळत नाही, हे खरं. पण नुसती मोटर चालू करायला मध्यरात्री उठणं वाचलं, हे काय थोडं झालं?

या पेटीला ना बोलायचं असतं ना व्हिडिओ पाहायचे असतात. तिला फक्त फोन यायला हवा. आणि नेमकं तेच महाग झालं. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान मासिक रिचार्जची अट घातली. तो नाही मारला की येणारे फोनही बंद. ज्या म्हातारीचा फोन वर्षानुवर्षं केवळ लेकाची रिंग ऐकण्यासाठी होता, तिच्यावर आणि विहिरीवरच्या पेटीवर एकच पाळी आली. २०२४ च्या डिसेंबरात 'ट्राय'ने इंटरनेटविना नुसत्या बोलण्याचे वेगळे पॅक काढायला लावले, ते निघालेही. पण नुसती रिंग घेण्यापुरता पॅक त्यांतही नाही. पावसाळ्यात मोटर बंद असते, रिचार्ज मात्र चालू ठेवावा लागतो.