रंग की गिलावा?

मंडळी, जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रा जवळ आली, की घरं रंगवायची घाई होते. मीही एकदा अशीच घाई केली. ओलसर भिंतीवर तेलरंग फासला. आतली ओल कोंडली आणि पावसाळ्यात पोपडे सुटले. पैसा पाण्यात गेला.

म्हणून आधी ओल कुठून येते ते शोधा. कौल फुटलंय का? पन्हळ गळते का? ते दुरुस्त करा. भिंत वाळू द्या. मग बोटाने ठोकून बघा. टणक वाजली, तर खरवडून चुना किंवा रंग द्या. पोकळ वाजली, तर तेवढा गिलावा काढून नवा करा. सिमेंटचा असेल, तर निदान ७ दिवस पाणी मारा.

आज घरी गेल्यावर एक भिंत ठोकून बघा बरं!