थांबलेली गोष्ट पुन्हां सुरू होते तेव्हां

सायंकाळीं देवळांत पुराण सांगणारा पुराणिक नेमक्या अडचणीच्या प्रसंगीं पोथी बांधून ठेवी आणि श्रोते त्या प्रसंगाचा धागा मनांत धरून घरीं जात. पुढें काय घडणार हें बहुतेकांस ठाऊक असे. तरी दुसऱ्या दिवशीं पुढची जागा मिळावी म्हणून लोक लवकर येत. १८९० सालीं सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रांतून हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या क्रमशः निघूं लागल्या, तेव्हां मराठी वाचकासही हीच संवय जडली. एका अंकापासून दुसऱ्या अंकापर्यंतचा काळ रिकामा नसतो. त्या काळांत गोष्ट वाचकाच्या मनांत आपोआप वाढत असते.

परंतु हा काळ आठवड्याचा न राहतां महिन्यांचा किंवा वर्षांचा झाला म्हणजे काय होतें? १८९३ च्या डिसेंबरांत आर्थर कॉनन डॉइल यानें आपल्या शेरलॉक होम्सचा अंत केला. वाचक संतापले, कित्येकांनीं मासिकाची वर्गणी बंद केली. शेवटीं १९०३ सालीं लेखकास आपला नायक जिवंत करून परत आणावा लागला. विज्ञानकथेच्या प्रांतांतील उदाहरण 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचें. १९६३ सालीं सुरू झालेली ही मालिका १९८९ सालीं थांबली आणि २००५ सालीं पुन्हां नियमितपणें दिसूं लागली. मध्यंतरीं पूर्वींचा बालप्रेक्षक स्वतः आईबाप झाला होता. नट नवा, पूर्वींच्या सुमारें पंचवीस मिनिटांच्या भागांऐवजीं पाऊण तासाचे भाग, कथेची गतिही निराळी. वाट पाहणाराच अशा वेळीं सर्वांत कठोर परीक्षक ठरतो. कारण पडद्यावरील गोष्टीची तुलना तो आपल्या मनांत वाढलेल्या गोष्टीशीं करीत असतो.

असाच अनुभव, प्रमाणानें लहान परंतु अधिक घरगुती, कोल्हापुरास २०२० सालीं आला. 'तुझ्यात जीव रंगला' ही झी मराठीवरील मालिका ३ ऑक्टोबर १९१६ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१६ सालीं सुरू झाली, हें येथें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, त्या शंभर वर्षांत कोल्हापूर आणि कॅमेरा यांचें नातें कित्येकदां तुटलें आणि जुळलें. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० सालीं प्रकाशित झाला. १९२९ सालीं येथें जन्मलेली प्रभात कंपनी १९३३ सालीं पुण्यास गेली. चित्रपटाचें बिऱ्हाड हललें म्हणजे गांवांतून काय जातें, हें या नगरीस फार पूर्वीं कळलें होतें.

म्हणूनच करवीर तालुक्यांतील वसगडे गांवच्या वाड्यांत राणा आणि अंजली यांचा संसार उभा राहिला, तेव्हां तो वाडा पाहण्यास दूरदूरचे लोक येऊं लागले. 'चालतंय की' हे राणाचे शब्द घरोघरीं गेले. ही बोली खरी कोल्हापुरी नव्हे असा आक्षेपही निघाला. परंतु आपल्या बोलीविषयीं भांडावेंसें वाटणें हाही आपलेपणाचाच एक प्रकार होय.

१९ मार्च २०२० पासून साथीमुळें देशभर चित्रीकरण थांबलें. जुने भाग पुन्हां दाखविले जाऊं लागले. दूरदर्शनवर २८ मार्चपासून १९८७ सालचें 'रामायण' परत आलें. ज्या घरांत दिवेलागणीनंतरची वेळ राणा-अंजलीची होती, तेथें ती वेळ सुनी झाली. रोजंदारीवर काम करणाऱ्या रंगभूषाकारांची, प्रकाशयोजनेच्या कामगारांची आणि वाहनचालकांची चूल तर खरोखरच अडचणींत आली. प्रेक्षकाचा विरह आणि कामगाराची उपासमार यांस एका तराजूंत घालतां येणार नाहीं. परंतु दोहोंची वाट एकाच बातमीकडे लागली होती.

ती बातमी मे महिन्याच्या अखेरीस आली. राज्य सरकारनें अटींवर चित्रीकरणास परवानगी दिली: माणसें पूर्वींच्या एकतृतीयांश, कलावंतांत अंतर, आणि पासष्टांवरील वृद्ध व दहा वर्षांखालील मुलें यांस मनाई. १३ जुलैपासून झी मराठीच्या मालिकांचे नवे भाग दिसूं लागले. पहिल्या दिवशीं आनंद होता. ओळखीचें शीर्षकगीत ऐकतांच घरांतील माणसें पूर्वींप्रमाणें एकत्र बसलीं. मग प्रश्न सुरू झाले. आजोबा कोठें गेले? जवळचीं माणसें दूर दूर उभीं राहून कां बोलतात? एकत्र कुटुंबाच्या गोष्टींतून वडीलधारीं माणसें वगळलीं म्हणजे घराचा कणाच काढून घेतल्यासारखें होतें. वृद्ध कलावंतांस तर हा पोटाचाच प्रश्न होता. ७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानें वयाची ती मनाई रद्द केली, तेव्हां त्यांची वाट मोकळी झाली.

अशा तक्रारी ऐकून निर्मात्यांनीं प्रेक्षकांस कृतघ्न समजूं नये. ज्यानें गोष्ट चार महिने मनांत जपली, त्याचा तिच्यावर कांहीं हक्क उत्पन्न झालेला असतो. तो हक्क कथानक ठरविण्याचा नव्हे. आपण पूर्वीं ज्यांवर जीव लावला तीं माणसें ओळखूं यावींत, एवढाच तो हक्क आहे. खंडानंतरची गोष्ट जुन्या पुण्याईवर थोडे दिवस चालते. त्यापुढें तिला विश्वास नव्यानें मिळवावा लागतो. ही मालिका २०२१ च्या जानेवारीच्या आरंभीं संपली, आणि त्या वेळींही हळहळ व सुटकेचा निःश्वास हे दोन्ही सूर उमटले.

रुसणारा प्रेक्षक हा अजून दाराशीं उभा असलेला प्रेक्षक आहे. ज्या दिवशीं गोष्ट परत येते आणि कोणी तिच्यांत चूकही काढीत नाहीं, त्या दिवशीं मात्र कथाकारानें चिंता करावी.