स्थळ तसें झाड

वाघाला तहान लागली तर तो पाणवठ्यावर जातो. पक्ष्याला थंडी बाधूं लागली तर तो शेंकडों कोस उडून उबदार देश गांठतो. माणसाचें गांवीं पोट भरेनासें झालें तर तो बोचकें बांधून शहराची वाट धरतो. वनस्पतीला यांपैकीं कांहींच करितां येत नाहीं. जेथें बीज रुजलें तेथेंच तिला जन्म काढावयाचा असतो. पाणी नसलें तरी तेथेंच, आणि तें खारें असलें तरी तेथेंच. अशा स्थितींत तिनें जगावें तरी कसें, या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच वनस्पतींचें परिस्थितीशीं अनुकूलन होय.

हें अनुकूलन एखादें झाड मनांत आणून करीत नाहीं. सावलींत वाढलेल्या रोपाचें पान रुंद व पातळ होतें, उन्हांतलें लहान व जाड राहतें. एवढी लवचीकता एका झाडाच्या आयुष्यांतहि आढळते. मोठे फेरफार मात्र पिढ्यान् पिढ्या घडत जातात. प्रत्येक पिढींत रोपें किंचित् निरनिराळीं निपजतात. त्यांतील ज्यांना ती जागा मानवते तीं टिकून आपलें बीज मागें ठेवितात. बाकीचीं नाहींशीं होतात. चार्ल्स डार्विन व आल्फ्रेड रसेल वॉलेस या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांचा हा नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त १८५८ सालीं लंडन येथें एकत्रच वाचला गेला. त्याचा मथितार्थ असा कीं, प्रत्येक जागेंत कशाची तरी टंचाई असते, आणि त्या टंचाईंत ज्याचा जमाखर्च जुळतो तेंच झाड तेथें संसार थाटतें.

या जमाखर्चाचे तीन उत्तम दाखले कोंकणच्या किनाऱ्यापासून देशावरील माळापर्यंतच्या प्रवासांत ओळीनें भेटतात.

पहिला दाखला खाडीच्या चिखलांत आहे. येथें पाणी अमाप, परंतु समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. सामान्य झाडाला हें पाणी म्हणजे विषच. कांदळाचें झाड बहुतेक सारें मीठ मुळाशींच अडवितें. तिवराचें झाड कांहीं मीठ आंत येऊं देतें व पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून तें बाहेर टाकतें. उन्हाच्या वेळीं त्या पानांवर मिठाचे कण चकाकतांना दिसतात. दुसरी अडचण हवेची. भरतीच्या पाण्याखालीं राहणाऱ्या चिखलांत मुळांना श्वास घेण्यापुरतीहि हवा नसते. म्हणून तिवराचीं कांहीं मुळें जमिनींत न जातां पेन्सिलीसारखीं उभीं वर येतात आणि ओहोटी लागली म्हणजे आपल्या बारीक छिद्रांवाटे हवा आंत घेतात. तिसरी अडचण बीजाची. खाऱ्या व हलत्या चिखलांत उघडें बीज रुजणें कठीण. यास्तव कांदळाचें बीज झाडावर असतांनाच रुजतें, आणि हातभर लांब हिरवा अंकुर फुटल्यावरच खालीं पडतें. तें चिखलांत रुतून बसतें किंवा तरंगत तरंगत दुसरा किनारा गांठतें. लेंकरूं आपल्या पायांनीं उभें राहूं लागल्याखेरीज आईनें त्याला कडेवरून उतरवूं नये, तशांतलाच हा प्रकार.

खाडी सोडून घाटमाथ्यावर चढलें म्हणजे टंचाईचा प्रकारच पालटतो. साताऱ्यापासून सुमारें २५ किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,२०० मीटर उंचीवर कासचें पठार आहे. जांभ्या दगडाच्या थरावर माती असते ती बोटभर, कोठें वीतभर. पावसाळ्यांत तेथें पाणी आहे, ऊनहि पडतें. पण धोधो पावसानें मातींतील नायट्रोजनयुक्त क्षार धुऊन जातात, आणि त्यांवांचून वनस्पतीचें अंग धरत नाहीं. दवबिंदू नांवाच्या चिमुकल्या रोपानें ही उणीव निराळ्याच मार्गानें भरून काढली आहे. त्याच्या पानांवर केस असतात, आणि प्रत्येक केसाच्या टोकाशीं चिकट रसाचा थेंब. त्याला भुलून आलेला किडा चिकटतो, केस त्याच्यावर वांकतात, आणि पान हळूहळू त्याला पचवून टाकतें. युरोपांत वाढणाऱ्या दवबिंदूवर डार्विननें अनेक वर्षें प्रयोग करून १८७५ सालीं कीटकभक्षक वनस्पतींवर एक ग्रंथच लिहिला. पुढें त्याचा पुत्र फ्रान्सिस यानें कांहीं रोपांना मांसाचे कण खाऊं घातले व कांहीं तशींच ठेविलीं. १८७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत खाऊं घातलेल्या रोपांना कितीतरी अधिक बीजें धरलीं, असें दिसून आलें.

दवबिंदूच्या शेजारींच सीतेचीं आसवें फुलतात. या जांभळ्या फुलांचें नांव जितकें करुण, तितकीच त्यांची जमिनीखालची रीत कठोर. त्यांच्या तळाशीं ओल्या मातींत सूक्ष्म पिशव्या असतात. पाण्यांतला एखादा बारीक जीव तोंडाशीं लागतांच पिशवीचें दार आंत उघडतें व तो पाण्यासकट ओढला जातो. सारें सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याहि आंत! पावसाळा संपतांच हेंच पठार तव्यासारखें तापतें. तोंवर सीतेचीं आसवें बीज टाकून मोकळीं झालेलीं असतात, आणि वायतुऱ्यासारखीं रोपें आपला संसार कंदांत गुंडाळून पुढच्या पावसापर्यंत झोपीं जातात.

घाटमाथा ओलांडून पूर्वेस उतरलें कीं पाऊसच आटतो. महाबळेश्वरास वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस; त्याच जिल्ह्यांतील माण तालुक्यांत त्याचा दहावा हिस्सा पडला तरी शेतकरी समाधान मानतो. येथें झाडापुढें मोठें धर्मसंकट असतें. अन्न तयार करण्यासाठीं हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु घ्यावयाचा तर पानांवरील छिद्रें उघडावीं लागतात. आणि तीं उघडलीं कीं आंतलें पाणी उडून जातें. बाभूळ आपलीं पर्णदलें अगदीं बारीक ठेविते. जोंधळ्याचें पान कडक उन्हांत सुरळीसारखें वळतें. निवडुंगानें तर दिनक्रमच उलटा केला आहे. तो रात्रीं छिद्रें उघडून वायु घेतो, आम्लाच्या रूपानें सांठवितो, आणि दिवसां दारें लावून त्याच सांठ्यावर अन्न शिजवितो. या युक्तीचा एक आरंभीचा पुरावा भारतांतच मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत मद्रास इलाख्यांत असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिज्ञाला असें आढळलें कीं, पानफुटीचें पान सकाळीं आंबट लागतें आणि दुपारपर्यंत त्याचा आंबटपणा नाहींसा होतो. त्याचें हें पत्र लंडनच्या लिनीअन सोसायटीनें १८१५ सालीं छापलें.

आपल्याकडील चिकाचा देशी निवडुंग व अमेरिकेंतून आलेला फड्या निवडुंग यांचें कुळ अगदीं भिन्न. तरी मांसल हिरवें खोड, नांवापुरतीं पानें व कांटे हा थाट दोहोंचाहि एकच. कारण दोघांनाहि एकाच टंचाईनें घडविलें. फड्याचे शत्रु मात्र त्याच्याबरोबर आले नाहींत, म्हणून तो भारतांत रानोमाळ माजला. अखेर त्याच्यावर जगणारा कोचिनीलचा किडा १९२६ सालीं श्रीलंकेंतून आणावा लागला, तेव्हां तो आवरला.

या प्रत्येक युक्तीला किंमत पडते, हें विसरून चालणार नाहीं. रात्रीं वायु सांठविणारा निवडुंग सावकाश वाढतो. दवबिंदूच्या जमिनींत खत पडलें तर भोंवतालचें गवत उंच होतें व तो सावलींत खुरटून मरतो. तिवराच्या श्वसनमुळांवर राडारोडा टाकला कीं तें झाड गुदमरतें. ज्या गुणानें झाड एका जागीं तरतें, तोच गुण जागा पालटतांच त्याच्या गळ्याचा फांस होतो.

या तिन्ही जागांना व्यवहाराच्या भाषेंत एकच नांव पडलेलें आहे: पड जमीन. खाडी म्हणजे घाण, सडा म्हणजे नुसता दगड, माळ म्हणजे उजाड. हा समज हळूहळू पालटत आहे खरा. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. २०१२ सालीं कासच्या पठारासह पश्चिम घाटांतील ३९ स्थळें जागतिक वारशांत गणलीं गेलीं. आणि २०२० सालीं पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राच्या राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. परंतु कोंकणांतील कितीतरी सडे चिऱ्यांसाठीं खणले जात आहेत. तोडलेल्या वडाच्या जागीं दुसरा वड लावतां येतो. सडाच फोडला तर दवबिंदू लावावयाचा कोठें? बागेंतील सुपीक मातीची त्याला मेजवानी नको असते. त्याला हवी असते ती त्याची नेमकी टंचाई. तो हिशेब जुळावयास हजारों पिढ्या लागल्या. तो मोडावयास एक यंत्र आणि एक दिवस पुरतो.

म्हणून कोणतीहि जमीन ओसाड आहे असें ठरविण्यापूर्वीं श्रोत्यांनीं श्रावण-भाद्रपदांत एकदां तिच्याकडे खालीं वांकून पाहावें.